घरच्याला भाव विचारू नये

॥ श्री ॥

जठारपेठ, अकोला
ता. २२ ऑगस्ट १९६१

ती. गं. भा. इंदूबाईस शेषरावाचा सा. न. वि. वि.

तुझ्या पिठाच्या गिरणीच्या इंजिनाचे सुटे भाग पोत्यांत बांधलेले, मोटारीच्या टपावरून सुखरूप उतरले. तेल पिऊन धूर ओकणाऱ्या त्या म्हाताऱ्याला तरुण करून परत पाठवतो. काम चंद्रभानजींच्या वर्कशॉपात दिलं आहे. आमच्या सौ.च्या मावसबहिणीचे ते दीर, म्हणजे घरचेच. त्यांचा थोरला श्रावण स्वतः लेथवर उभा राहतो.

भाव विचार, असं तू बजावलं होतंस. मी विचारला नाही. घरच्या माणसाला भाव विचारणं म्हणजे त्यानं पानात काय वाढलं ते मोजणं. तरी मी आपला हळूच खाकरलो, तर तेच म्हणाले, की भाऊ, घरच्याले कोनी भाव सांगते काय. मला तर भरून आलं. मग त्यांनी माझ्या पोरीची, आपल्या ललिताची, चौकशी केली. अमरावतीला मास्तरीण होण्याचं शिकते म्हटल्यावर श्रावणसाठी तिचा फोटो मागितला. मी दिला. फोटोला काय पैसे पडतात?

लोभ आहेच, तो गिरणी बंद असतानाही चालू ठेवावा.

तुझा भाऊ
शेषराव

*

तेल्हारा
ता. ३० ऑगस्ट १९६१

चि. शेषरावास इंदूबाईचे अ. उ. आशीर्वाद.

पत्र वाचून हसावं की कपाळाला हात लावावा, कळेना. गिरणी बंद होऊन सतरा दिवस झाले. बाया डोक्यावर ज्वारी घेऊन दीड कोस दुसऱ्या गिरणीवर जातात, आणि जाताना मुद्दाम माझ्या ओट्यावर टोपलं टेकवून दम खातात. काल पार्बताबाई म्हणाली, की बाई, तुमचं इंजिन अकोल्याले शिकाले गेलं काय, त्याले लवकर पास करा म्हना.

तुझे भाऊजी होते तेव्हा हेच इंजिन एकदा उघडलं होतं, त्यामुळे मला थोडं कळतं. उघडल्याशिवाय कारागीर भाव सांगत नाही, त्यात त्याचं काही चुकत नाही. पण उघडून माप घेतल्यावरही जो सांगत नाही, त्याच्यापासून जपून असावं. तेव्हा मजुरी किती, सामान किती, सामान आणायचं कोणी आणि जुना पिस्टन परत मिळणार की नाही, हे लिहून घे. थोडा इसार दे, म्हणजे कामाला पाय फुटतात.

आणि माझ्या इंजिनाशी ललिताच्या फोटोचा संबंध काय, तेही कळव. पोरीला शिक्षण पुरं करायचं आहे, असं ती उन्हाळ्यात माझ्या ओट्यावर बसून सांगून गेली. तुलाही सांगितलं असेल, तेव्हा तू कचेरीत असशील.

घरी सगळ्यांना आशीर्वाद, आणि तुला थोडी अक्कल, एवढंच देवाकडं मागते.

इंदूबाई

*

अकोला
ता. २१ सप्टेंबर १९६१

ती. बाईस सा. न. वि. वि.

बाई, रागावू नकोस. तू लिहिलंस ते विचारायला तीनदा गेलो. पहिल्या खेपेला निघालं, की सिलिंडर झिजला आहे, बोअर मारून, म्हणजे आतून कातून, नवा पिस्टन बसवावा लागेल. त्याचे पैसे नकोत, फक्त दसऱ्याला ललिताला पाहायला येतो म्हणाले. दुसऱ्या खेपेला क्रँकही घासून घ्यावा लागेल असं निघालं. त्याचेही नकोत, फक्त दिवाळीनंतर मुलीचं शिकणं बंद करावं. तिसऱ्या खेपेला मी भीतभीतच आत शिरलो, की आता इंजिनात आणखी काय बिघडलेलं सापडतं कोण जाणे.

काम अजून सुरू व्हायचं आहे. रोखीच्या ट्रका दारात उभ्या असतात, त्यांना नाही कसं म्हणतील बिचारे? तुझ्या इंजिनाचा ब्लॉक एका कोपऱ्यात सुरक्षित आहे. श्रावण त्याच्यावर बसूनच डबा खातो.

ललिताला मी कळवलं होतं. हे लग्न मला नको, असं तिचं उलट टपाली उत्तर आलं. पण एवढं काम फुकट करून घ्यायचं म्हटल्यावर मी कोणत्या तोंडानं नाही म्हणू? दसऱ्याला नुसतं पाहायचं नाही, सुपारीच फोडायची, असा शब्द मी तिसऱ्या खेपेला देऊन बसलो आहे.

वडिलकीच्या मायेनं सांभाळून घ्यावं.

शेषराव

*

तेल्हारा
ता. ३ ऑक्टोबर १९६१

चि. ललितास आत्याचे अ. उ. आशीर्वाद.

तुझ्या बापाचं पत्र वाचलं आणि दुसऱ्या दिवशी पहिल्या मोटारीनं अकोल्याला गेले. उतरले ती थेट वर्कशॉपात. चंद्रभानजी चहा सांगू लागले. मी म्हटलं, आधी भाव सांगा, मग चहा. ते म्हणाले, की बाई, तुमी घरच्या. मी म्हटलं, की मी घरची नाही, गिऱ्हाईक आहे.

खोटं वाटेल तुला, पण एवढं ऐकून त्या माणसाचा चेहरा उजळला. गल्ल्याखालून त्यांनी माप आणि भाव लिहिलेला कागद काढला. महिनाभर तयार होता. म्हणाले, की तुमच्या भावानं एक डाव इचारलं असतं तर मी सांगून मोकळा झालो असतो. मीच सांगतलं तर सोयऱ्याले पैसे मांगतले म्हनून चार लोकांत नाव होते. आता फुकटचं सामान मी कुठून आनू? पैसे मागता येईनात म्हणून पोरगी मागितली, असं काही ते म्हणाले नाहीत, पण मला तसं ऐकू आलं.

सगळे मिळून एकशे अडतीस रुपये झाले. एक रुपया मी कमी करायला लावला, नाहीतर त्यांनाच करमलं नसतं. निम्मे तिथंच मोजले. दीड महिना पडलेलं काम चार दिवसांत झालं. उरलेले देऊन जुना पिस्टन फडक्यात गुंडाळून घेऊन आले. कारागीर मात्र चोख आहे. कालपासून गिरणी चालू आहे आणि धूर नावाला नाही.

सोबत पावती पाठवते. तुझ्या बापाला पैशाचं सांगितलेलं नाही, ते तू तुझ्या सवडीनं सांग. श्रावण मुलगा वाईट नाही, हेही खरं तेच लिहिते. तुला पसंत असेल तर हो म्हण, नसेल तर नाही म्हण. पण माझ्या क्रँकच्या बदल्यात तू कुठं जायची नाहीस.

जेवणाची हयगय करू नकोस, आणि घाबरू तर मुळीच नकोस.

तुझी आत्या

*

अमरावती
ता. २३ ऑक्टोबर १९६१

ती. गं. भा. आत्याबाईंस ललिताचा शि. सा. न. वि. वि.

दसऱ्याला पाहुणे आले. बाबांनी कचेरीचा कोट घातला होता आणि सुपारी खिशातच ठेवली होती. चहा झाल्यावर चंद्रभानजींनी आपणहून विषय काढला. म्हणाले, की आता आपल्या मधात इंजिन नाही, पोरीच्या मनात काय आहे ते तिनंच सांगावं. बाबांना हा त्यांचा मोठेपणा वाटला. मी सांगितलं, की मला शिक्षण पुरं करायचं आहे, हे लग्न करायचं नाही. चंद्रभानजी सगळ्यांना सोनं देऊन उठले. श्रावणनं दारातून वळून मला नमस्कार केला. मला वाटतं, त्यालाही कोणी विचारलं नव्हतं.

ते गेल्यावर बाबा फार चिडले. म्हणाले, की एवढं घरचं माणूस तोडलंस, त्यानं आपलं सगळं काम फुकट केलं. मी तुमची पावती त्यांच्यापुढं ठेवली. त्यांनी ती दोनदा वाचली आणि खाली बसले. हळूच म्हणाले, की बाईनं तुझ्यापायी पैसे भरले. मी म्हटलं, की नाही बाबा, आत्यानं इंजिनाचे भरले. माझा भाव तर तुम्हीच ठरवून आला होतात, एक पिस्टन आणि एक क्रँक.

बोलून गेले आणि मला फार वाईट वाटलं. दुसऱ्या दिवशी सकाळी बाबा माझी ट्रंक स्वतः उचलून मोटारीवर आले आणि पुढच्या सहामाहीची फी माझ्या हातात ठेवली. गाडी सुटेपर्यंत ते माझ्याकडं न बघता खिडकीपाशी उभे होते.

तुमचा लोभ आहे तसाच राहू द्यावा, त्याची फेड मला जमायची नाही.

तुमची
ललिता