दौलतबाईंचे मॅकरून

११ जानेवारी १९९७, शनिवार

पिलूबाई येतेय! माझ्या पारशी मालकीण दौलतबाईंची धाकटी बहीण. आई गेल्यावर घरावरून दोघींचं बिनसलं, ते अकरा वर्षं एकमेकींशी शब्द नाही. आज मुंबईहून पत्र आलं — रविवारी एकोणीसला येते, संध्याकाळच्या गाडीने परत.

बाईंनी पत्र उशीखाली सारलं. दिवाळीत अर्धांगाचा झटका आल्यापासून उजवा हात निजलेलाच. घास गिळवत नाही, पातळ तेवढं जातं. बोलणं जड झालंय, पण मला कळतं. म्हणाल्या, "मॅकरून जोईए. ममाना जेवा." म्हणजे त्यांच्या आई करायच्या तशी बदाम-अंड्याची बिस्किटं.

"बेकरीतून आणते की."

"पिलू बेकरीनुं खावा नथी आवती."

मग माझ्या हातांकडे बघत राहिल्या. "कला, ईंडां तूं तोडशे?"

मी मोरीत गेले. भांडी घासत बसले — घासलेलीच!

१२ जानेवारी

बावीस वर्षांपूर्वी कामाला लागले त्या दिवशीच सांगितलं होतं. बाई, मी माळकरी. झाडू-भांडी, धुणं, स्वयंपाक, काय सांगाल ते करीन. अंड्याला हात लावणार नाही. बाई म्हणाल्या, "मंजूर." तेव्हापासून मॅकरूनच्या दिवशी अंडी त्या फोडणार, फेटणार, तो वाडगाही त्याच धुणार. मालकीण असून! बदाम मात्र माझे. भिजवायचे, सोलायचे, वाळवून खलबत्त्यात कुटायचे. त्या कामात माझा हात कोणी धरणार नाही.

खालच्या मजल्यावरच्या मुलीला अंडी फोडायला बोलवू का, विचारलं. बाई म्हणाल्या, या घरचं काम या घरच्याच हातांनी.

या घरचे हात म्हणजे माझे. दुसरं आहे कोण त्यांना?

१४ जानेवारी, संक्रांत

आमच्या लिंबायत वस्तीभर पतंग उडवणाऱ्यांचं "काप्यो छे!" चालू होतं. कान किटले. माझं कशात लक्ष नाही. गुळाचा पाक करपवला.

हे म्हणाले, "गूळ जळी गया. ध्यान कोठे शे तुन्हं?"

सगळं सांगितलं. यांच्याही गळ्यात माळ आहे, वाटलं रागावतील. तर तीळ निवडता निवडता म्हणाले, "माळ तुन्ही शे. माले काय इचारस?"

असा हा माणूस! पस्तीस वर्षं लूमच्या खडखडाटात काढली, घरात शब्द मोजून.

१६ जानेवारी, गुरुवार

गेले. केलं. फसलं.

मनाशी एक युक्ती काढली होती. फणस चिरताना हाताला तेल चोपडतो ना, चीक लागू नये म्हणून — तसं कोपरापर्यंत गोडंतेल चोपडलं. म्हणजे अंड्याला हात लागलाही आणि नाहीही. चार अंडी फोडली. पिवळं एका वाटीत, पांढरं वाडग्यात, बाई करायच्या तस्सं. फेटणं फिरवत बसले. खांदा भरून आला, पण पांढरं काही वर येईना! नुसता धुण्याचा फेस.

वाडगा बाईंच्या पलंगाशी नेला. त्यांनी डावं बोट माझ्या मनगटावरून फिरवलं आणि नाकाशी नेलं.

"तेल?"

मी खाली मान घातली.

"पागल! तेलनुं टीपुं पडे तो सफेदी मरी जाय. कोरो हाथ जोईए."

कोरा हात. म्हणजे अंडं लागणारच.

रागावल्या नाहीत. म्हणाल्या, राहू दे कला, पिलूला चहा देऊ. आणि भिंतीकडे तोंड केलं.

१७ जानेवारी

नुसता चहा? अकरा वर्षांनी?

१८ जानेवारी, शनिवार

हात साबणाने धुतले, वर लिंबू चोळलं. वाडगाही. माळ पदराआड सारली आणि "पांडुरंगा, बघू नको" असं म्हणून पहिलं अंडं फोडलं.

गार लागतं. बुळबुळीत. बाकी काही झालं नाही.

बाई पलंगावरून सांगत होत्या — हळू, आता जोरात, आता साखर. मग म्हणाल्या, वाडगा डोक्यावर उपडा कर. त्यांच्या ममाची रीत होती. पडलं नाही तर झालं. घाबरत डोक्यावरच्या पदरावर उपडा धरला. नाही पडलं! बाई हसल्या — अर्ध्याच तोंडाने, पण दिवाळीनंतर पहिल्यांदा.

बदाम कालवले, कागदावर चमच्याचमच्याने घातले, वर एकेक काजू. गोल ओव्हनच्या काचेतून बघत बसले. एकवीस उतरले.

"बरोबर?" बाईंनी विचारलं. त्यांना गिळवत नाही, मी कधी चाखलेला नाही. म्हटलं, "दिसायला तर तुमचेच."

१९ जानेवारी, रविवार

एकादशी. उपास.

पिलूबाई काठी टेकत आली. दारातच थांबली. दोघी नुसत्या बघत राहिल्या. मी बशी पुढे केली, नाहीतर दिवस तसाच गेला असता.

एक खाल्ला. मग म्हणाली, ममाचे तोंडात विरघळायचे. तुझ्या मॅकरूनचे दाताखाली दाणे येतात, दौलत. पहिल्यापासून.

पण बाई लगेच, "मने दाणावाळा ज भावे!"

पिलूबाईने दुसरा उचलला. तिसऱ्याला रडायला लागली.

"कोणे बनाव्या?"

"में," बाई म्हणाल्या. "कला ईंडांने हाथ नथी लगाडती."

पिलूबाईने चादरीवरच्या त्या निजलेल्या हाताकडे पाहिलं. त्यावर आपला हात ठेवला. गाडीची वेळ होईपर्यंत उचलला नाही.

मी घरी निघताना बाईंनी एक मॅकरून माझ्यासाठी कागदात बांधायला लावला. दर वेळी देतात. मी तो शेजारच्या पोरांना देते, हे त्यांना ठाऊक आहे. तरी देतात. या वेळी कोणाला दिला नाही. डब्यात ठेवला.

२७ जानेवारी, सोमवार

बाई गेल्या. पहाटे, झोपेत.

त्यांच्या रिवाजाप्रमाणे शेवटच्या विधींना आम्हा परक्यांना जवळ जाता येत नाही. लांब बाकावर बसले. पिलूबाई येऊन शेजारी बसली.

३० जानेवारी

आज माळ काढून खिळ्याला अडकवली आणि डब्यातला मॅकरून खाल्ला. सगळा.

हे बघत होते. मग म्हणाले, "कसं लागनं?"

"बदाम जाड राहिलाय," मी म्हटलं. "बावीस वर्षं मीच कुटत होते. बाईंनी एकदा तरी सांगायचं!"