धांदलचे ठोके

मंगळवार, ९ मार्च
सकाळ

प्रिय ताई,

तुझ्या धाकट्याचा नमस्कार. दाजींनाही सांग. भिंगरीला मामाकडून एक टपली, हलक्या हाताची.

मी मजेत आहे असं लिहायची पद्धत आहे, म्हणून लिहिलं. खरं म्हणजे मी तुझ्याच जिन्यात बसलोय, तुझ्या दारापासून जरा खाली. मघाशी बेल वाजवली तेव्हा आतून तुझी पावलं वाजली. दाराच्या भिंगातून तू मला बघितलंस आणि टाचा आपटत परत गेलीस. फोन तू उचलत नाहीस आणि दाजींचा बंद आहे. म्हणून कोपऱ्यावरच्या दुकानातून कागद आणले. दुकानदार विचारतो, "परीक्षा आहे का?" म्हटलं, हो बाबा. आता हे दाराखालून सरकवणार आहे. माझं तोंड बघायचं नसेल तर नको बघूस, पण अक्षर तरी बघ. तेही तूच पट्टी मारून मारून वळवलेलं आहे.

तुझा रविवारचा निरोप मिळाला होता. भिंगरी एकटी जिना चढली, कठड्याला हात न लावता. वर पोचून तिने शेजारच्या काकूंची बेल वाजवली आणि लपून बसली. नऊ वर्षांची पोर पहिल्यांदा कुणाची तरी खोडी काढून पळाली. तू पुढे लिहिलं होतंस, "ये आणि बघून जा." मी निरोप प्रयोगशाळेच्या जेवणाच्या खोलीत वाचला. सगळ्यांसमोर रडलो. त्यांना वाटलं आनंदाने रडतोय, आणि मीही तसंच वाटू दिलं.

सोमवारी रुग्णालयातून तुला फोन आला तो तू अर्ध्यावरच आपटलास, म्हणून राहिलेलं मी लिहितो. भिंगरीला चालू असलेलं औषध थांबवलंय. तिच्यासारख्याच स्नायूंच्या दुखण्याच्या ज्या मुलांवर ते तपासत होते, त्या सगळ्यांचं थांबवलंय. बाकीच्या घरांतून बाटल्या परत आल्या. तुझ्याकडच्या तेवढ्या आल्या नाहीत. ते माणूस पाठवणार होते, मी म्हटलं, थांबा, मी जातो. माझी बहीण परक्या माणसाला फाडून खाईल. हसलीस का? नसशील हसली.

आमच्या प्रयोगशाळेत कुत्र्यांवर हेच औषध जास्त दिवस देऊन बघत होतो, हे तुला माहीत आहे. थोड्या दिवसांत त्रास झाला नाही म्हणून मुलांना सुरू केलं, आणि पुढे काय होतं ते कुत्र्यांवर बघत राहिलो. मुलांच्या आधी कुत्र्यांनी त्या वाटेने जायचं, अशीच ती रचना असते. पूर्वी तू मला खाटीक म्हणायचीस. जेवायला बसलो की म्हणायचीस, "हात नीट धू रे खाटका." भिंगरीला औषध सुरू झालं आणि तुझं ते म्हणणं बंद झालं. मला त्या शिवीची इतकी सवय होती की चुकल्याचुकल्यासारखं वाटायचं.

आणि धांदल. तिला तू ओळखतेस. तिचा व्हिडिओ मीच तुला पाठवला होता. जन्मतःच त्याच दुखण्याची ती, मागचे पाय फरफटत चालणारी. तीन महिन्यांच्या औषधानंतर आमच्या लाकडी पायऱ्या धडाधड चढून गेली, वर पाण्याचं भांडं उलथं केलं आणि माझ्याकडे बघून शेपटी हलवत राहिली. आमच्याकडे जनावरांना नावं ठेवत नाहीत, नंबर असतात. पण तिचा नंबर कुणी घेतच नव्हतं. तो व्हिडिओ बघून तू दाजींना म्हणालीस, "माझी पोरही अशीच चढेल." त्याच संध्याकाळी तुम्ही सही केलीत.

आता रुग्णालयाच्या बाईंना तू म्हणालीस की कुत्र्याचं काळीज वेगळं आणि माझ्या पोरीचं वेगळं. ताई, धांदलचे पाय तेव्हा भिंगरीच्या पायांसारखे होते. मग काळीजच तेवढं वेगळं कसं झालं? तू म्हणतेस ते कधी कधी खरंही असतं. कुत्र्याला सोसतं ते माणसाला सोसत नाही, आणि उलटही होतं. पण ते आपल्या पोरीवर ताडून बघायचं का?

औषधाचा काळ संपला की सगळी जनावरं शांतपणे झोपवून आतून तपासायची, असा नियम आहे. आजारी तेवढीच नाहीत, धडधाकटही. धांदलला सोडा, मी घरी नेतो, असा अर्ज मी केला होता. तुला सांगितलं नाही, कारण भिंगरीला भेट म्हणून आणणार होतो. आमच्या तपासणीच्या बाई म्हणाल्या, "डॉक्टर, जी सगळ्यांत बरी दिसते तीच मला बघायची आहे. पोरांना बरं करायलाच आपण निघालोय ना?" मी त्यांच्याशी भांडलो. वाट्टेल ते बोललो. अर्ज नामंजूर होऊन परत आला.

सुई मीच दिली. ती माझ्या हातांत शांत राहायची म्हणून. शेवटपर्यंत शेपटी हलत होती.

बाईंनी मला आत बोलावून दाखवलं. काळजाची भिंत लाल आणि मऊ हवी, तिथे पांढरे पट्टे होते. चिवट. मांस मरून गेल्यावर भरून येतं तसे. पायांचे स्नायू सुरेख झाले होते ताई, खरंच सुरेख. त्याच औषधाने पाय घडवले आणि काळीज खाल्लं. मग बाकीची तपासली. औषधावर असलेल्या जवळजवळ सगळ्यांत तेच होतं, कमीजास्त. धांदलचं सगळ्यांत वाईट.

इथवर रुग्णालयानेही तुला सांगितलं असतं. पुढचं त्यांना माहीत नव्हतं. परवा मी आमच्या साहेबांना सांगितलं, आणि आता तुला सांगतोय.

दर आठवड्याला आम्ही कुत्र्यांचे ठोके मोजायचो. छातीला पट्टा बांधायचा, यंत्राकडे बघायचं. धांदलचे ठोके गेले कित्येक आठवडे जास्त येत होते. मोजणाऱ्या पोरी हसायच्या. म्हणायच्या, "डॉक्टर, तुम्ही खोलीत आलात की हिचं असंच होतं, तुम्ही बाहेर थांबा." मी बाहेर थांबलो नाही. मला ते आवडायचं. एक मुकं जनावर मला इतका जीव लावतं, याचा मी तोरा मिरवायचो. 'माणूस बघून आनंदाने उडी, ग्राह्य धरू नये,' असं लिहून मी ते आकडे बाजूला काढत होतो. दर वेळी मीच. ती मला बघून खूश व्हायची हे खरंच होतं. पण मी निघून गेल्यावर ते ठोके खाली येतात का, हे मी एकदाही बघितलं नाही. इतकी वर्षं जनावरांत काढून मला लाडाची धडधड आणि दुखण्याची धडधड वेगळी करता आली नाही. बघितलं असतं तर भिंगरीचं औषध किती तरी आधी थांबलं असतं. याचं मी काय करू, मला कळत नाही. तुला कळलं तर सांग.

आता तुझ्या निरोपातली शेवटची ओळ. तू लिहिलंस, "रात्री कुशीत घेते तेव्हा हिचं काळीज नुसतं धडधडत असतं रे, इतकी खूश असते पोर."

ताई, ती खुशी नाही. खुशी असेलही, पण नुसती खुशी नाही. झोपेत इतकं धडधडत नाही कुणाचं. हे एक माझं ऐक, बाकी काही ऐकू नकोस.

बाटल्या बाहेर काढ. आज सकाळची मात्रा दिली नसशील तर देऊ नकोस. दिली असशील तर किती वाजता ते लक्षात ठेव. हृदयाच्या डॉक्टरांशी बोललोय, ते वाट बघतायत. आत्ताच थांबवलं तर तिचं काळीज किती सावरेल, त्यांना माहीत नाही. मलाही माहीत नाही, आमची कुत्री सावरतात की नाही ते बघायला त्यांतलं एकही उरलं नाही. आणि पाय परत जातील. खोटं बोलून तुला दार उघडायला लावायचं असतं तर सोपं होतं, पण पाय जातील, ताई. आधी जिने, मग चालणं. ती तुला विचारेल की बरं करणारं औषध का बंद केलंस. तेव्हा माझं नाव सांग. मामाने बंद केलं म्हण. मामा वाईट आहे म्हण. ती माझ्याशी बोलली नाही तरी चालेल. खरं म्हणजे नाही चालणार, पण तू तसंच सांग.

तुझ्यावर मी रागावलेलो नाही. माझी पोर असती तर मीही बाटल्या लपवल्या असत्या. गादीखाली लपवल्या असत्या आणि वर झोपलो असतो.

खाली गाडी उभी आहे. दार उघडलंस की आधी मला दोन लगाव, मग बोलू.

आत्ता आतून तिचा आवाज आला. "मामा आलाय का?" म्हणतेय. आणि ती दाराकडे धावतेय, मला पावलं ऐकू येतायत. किती वर्षं आपण ही पावलं ऐकायला थांबलो होतो. तिला थांबव, ताई. धावू देऊ नकोस.

भिंगरीचा मामा