बंधाऱ्यात अडकलेलं झाड

आई, परवा मी भीमेच्या वरच्या धरणावर जाऊन आले. भिंतीच्या आतल्या बाजूला फांद्या, खोडं, मुळांचे गुंते असा अंगणाएवढा थर पाण्यावर डुलत होता आणि त्यावर बगळे फिरत होते. "ह्यातलं खाली जातं का हो?" मी तिथल्या राखणदाराला विचारलं. "एरवी न्हाई. पुरात दरवाजे उघडले की एखादं निसटतं," तो म्हणाला. तू जाऊन इतकी वर्षं झाली, पण हे तुलाच सांगावंसं वाटलं. प्रश्न तुझा होता.

त्या वर्षी भीमेचा पूर उतरला, वडगाव रासाईच्या बंधाऱ्यावरचा रस्ता उघडा पडला, तरी खालच्या मोरीत एक अख्खं झाड आडवं अडकून राहिलं. त्यामागं जलपर्णी दाटली आणि तुंबलेलं पाणी आपल्या कांद्याच्या रोपात शिरलं. आबांनी खुटबावहून मशीनची करवत असलेला माणूस आणला. तू मात्र वाकून साल सोलतेस, हुंगतेस, मलाही हुंगायला देतेस. "हे आपल्याकडचं झाड न्हाई. धरान वलांडून कसं आलं असंल?" तो माणूस हसतो. "काकू, तिकडं रोप बुडतंय तुमचं." करवत सुरू होते तेवढ्यात तुला फांदीच्या बेचक्यात जाड पानांचं, लोंबत्या मुळांचं एक रोपटं दिसतं. हिरवंगार. तू फांदीवर हातच ठेवतेस.

"अगं, सरक की. पीक जातंय," आबा ओरडतात.

"एवढं काढू द्या, मग कापा."

तू नखानं एकेक मूळ सोडवलंस. तोवर आणखी वाफे पाण्याखाली गेले. आबा कितीतरी दिवस तुझ्याशी धड बोलले नाहीत. तू ते रोपटं लुगड्याच्या चिंधीनं लिंबाला बांधलंस, रोज पाणी शिंपडलंस. उन्हाळ्यात ते वाळलं. तू चिंधी सोडून घेतलीस.

धरणावरून मी तशीच वर, उगमाकडच्या जंगलात गेले. तिथं तसलीच पानं झाडांना बिलगलेली, आणि त्यांतून गुलाबी-पांढऱ्या फुलांचे लांब घोस लोंबत होते. वाट दाखवायला आलेल्या बाई म्हणाल्या, "ही सीतेची वेणी." मग मी दिसेल त्या झाडाची साल हुंगत सुटले. त्या बघत राहिल्या. "सापडलं का?" त्यांनी विचारलं. मी म्हटलं, "न्हाई, तसा वास कशालाच न्हाई." खरं तर तो वास मला माहीतच नाही. तू साल माझ्या नाकापुढं धरलीस, तेव्हा मी आबांच्या तोंडाकडं बघत होते.