माझ्याच तक्रारीची चौकशी

२ जून, सोमवार
तक्रार परत आली. माझ्याच टेबलावर.
मीच टाकली होती, सरकारी पोर्टलवर. आत्याच्या नावाने, आत्याच्या मोबाईलवरून, तिला विचारून. तिच्या वाडीच्या ओढ्यावरच्या साकवाबद्दल, त्या छोट्या पुलाबद्दल. मुंबईहून पुणे, पुण्याहून मंडळ, मंडळातून विभाग, विभागातून आमचा उपविभाग. प्रत्येक टप्प्यावर एकच शेरा, 'उचित कार्यवाहीस्तव'. शेवटी साहेबांची हिरवी शाई: 'क.अ. यांनी स्थळपाहणी करून अहवाल द्यावा.'
क.अ. म्हणजे कनिष्ठ अभियंता. म्हणजे मी.
ज्याच्याविरुद्ध तक्रार त्याच्याकडेच ती चौकशीला जाते, हे माहीत होते. करणाऱ्याकडेही येते, हे नव्हते.

३ जून
साहेबांनी बोलावले. साकव त्यांच्या सहीने पूर्ण झालेला, मी रुजू होण्याआधी. त्याचा पाया उघडा पडलाय, हे माझे तोंडी सांगून झाले. टिपणी देऊन झाली. टिपणी त्यांच्या खणात आहे, अजून.
"बाई शिकली किती हो, मॅडम?"
"माहीत नाही, सर." (चौथी.)
"मग 'प्रवाहाच्या खालच्या बाजूच्या पायाखालील भराव वाहून गेला आहे' हे कोण लिहितंय? आमच्याकडची बाई असती तर लिहिलं असतं, पूल हलतोय, मेलासा का सगळी!"
शिपाई हसला. मीही हसले.
माझी चूक. पाठवण्याआधी पुन्हा वाचली होती. शुद्धलेखनासाठी.
निघताना म्हणाले, "लिहून कुणी दिलं ते बी शोधा. आपल्यातलंच हाय कोणतरी. अहवालात नाव पाहिजे."

५ जून
स्थळपाहणी. राधानगरीच्या बाजूला पाऊस सुरू, ओढ्याला अजून घोट्याएवढेच पाणी. खालच्या बाजूच्या खांबापाशी बसून पायाखाली हात घातला. खांद्यापर्यंत गेला, काहीच लागले नाही. टेप लावला, फोटो काढले. घरी येऊन गणित मांडले. साकव उभा आहे, हे गणितात बसत नाही.
मी ओढ्यात असतानाच आत्या दुधाची किटली घेऊन पलीकडून आली होती. साकवावरूनच. डेअरी अलीकडे, शाळा अलीकडे, दवाखाना अलीकडे. दुसरी वाट डोंगराला वळसा घालून.
"कोण आलंय? भाची का सायबीण?"
"आज सायबीण."
"मग च्या न्हाय मिळायचा. च्या भाचीला असतोय."
बाबांची बहीण. आडनाव वेगळे, म्हणून ऑफिसात कुणाला नाते माहीत नाही. अजून तरी.
शाळा सोळाला उघडते.

९ जून
अहवाल दिला. 'तक्रारीत तथ्य आहे. साकव तात्काळ बंद करणे आवश्यक.' लिहून देणाऱ्याचा रकाना कोरा.
साहेबांनी वाचला, परत माझ्याकडे सरकवला. आवाज चढवला नाही. चढवला असता तर बरे.
"तथ्य हाय म्हटलं की कुणाचं तरी नाव येतंय, मॅडम. आज माझं, उद्या तुमचं. परिवीक्षा संपून नोकरी पक्की व्हायची हाय न्हवं अजून?"
मग उपाय सांगितला. तक्रारदाराचा जबाब आणायचा: 'माझे समाधान झाले आहे.' एवढा कागद चढवला की पोर्टलवर तक्रार निकाली. डागडुजी पावसाळ्यानंतर करू, गाजावाजा न करता.
पावसाळ्यानंतर.
थेट वर पाठवला तर 'योग्य मार्गाने सादर करावे' म्हणून खाली येईल. योग्य मार्ग म्हणजे हेच टेबल, हाच खण.

१० जून
पर्याय १. तक्रार मीच लिहिली, असे सांगणे. मी निलंबित, तक्रार बनावट ठरून रद्द, साकव चालू.
पर्याय २. गप्प बसणे. साकव चालू.
दोन्हीकडून उत्तर एकच येते. पुन्हा मांडले. तेच.
जेवले नाही.

१२ जून
आत्याकडे गेले. जबाब टाईप करून नेला होता. का नेला, ते लिहीत नाही.
तिने मला वाचायला लावला. मग म्हणाली, "सही न्हाय केली तर तुजं काय?"
सांगितले.
"आन केली तर पुलाचं?"
तिने चष्मा शोधला. सही केली, सावकाश, चौथीतल्या अक्षरात. "घे. पूल पडला तर सरकार दुसरा बांधंल. तुजी नोकरी पडली तर कोण बांधतंय?" मग पेन परत देताना, "पर म्या दूध घालाय कुठनं जायाचं, त्येवढं लिव की त्यात."
चहा दिला. आज न विचारता.
पिववला नाही.

१३ जून
जबाब बॅगेत. साहेब: "बाई गावली का?" मी: "नाही सर."
आत्याचा फोन, ओढा गढूळ झालाय, खालची पायरी बुडाली.
सगळे ऑफिस सोमवारच्या आढावा बैठकीच्या तयारीत. प्रलंबित तक्रारी शून्य दाखवायच्या आहेत. आमच्या उपविभागाची एकच उरली आहे.

१५ जून, रविवार
पत्र्याची पाटी रंगवून घेतली. 'धोका. साकव रहदारीस बंद.' रंगारी म्हणाला, "खाली 'आदेशावरून' टाकू न्हवं? सगळ्यास्नी त्येच टाकतोय."
आदेश कुणाचा, हे अशा पाटीवर कधीच नसते. मी माझे नाव, हुद्दा, मोबाईल नंबर लिहायला सांगितला.
"सवताचं नाव? मॅडम, घरी विचारलासा का?"
आदेश काढायचा अधिकार मला नाही. हे लिहून ठेवते, नंतर कुणी विचारले तर मला माहीत होते म्हणून.
पाटी अलीकडे लावली. दोन्ही टोकांना दगड रचले, आत्याने बाभळीचे काटे ओढून आणले. जबाब तिला परत दिला.
"चुलीत घालू?"
"तुझा आहे."
घडी करून कनवटीला लावला.

१६ जून
सकाळी आत्या फोनवर. मागे पाण्याचा आवाज इतका, की ती ओरडत होती.
"पाटी गेली बघ! दगड बी सारल्यात, काटं बी न्हाईत. सरकारी जीप आलती म्हणत्यात."
"मुलं?"
"हितंच हायत, घराकडच्या अंगाला. मी मधी खुर्ची टाकून बसलोय, एकाला बी जाऊ देत न्हाय. मास्तर पलीकडनं वरडाय लागलाय, हजेरी मांडणार म्हनून."
"आत्या, खुर्ची कुठे टाकलीस? साकवावर की काठावर?"
"पुलाच्या तोंडाला की."
"तोंडाला म्हणजे? काँक्रीटवर की मातीवर?"
"आता त्ये काय बघाय लागलीस गं..."
रेंज गेली. पुन्हा लावला, लागत नाही. मध्ये साहेबांचा फोन येत राहतो. घेत नाही. बैठक अकराला आहे.
गाडीत टेप आहे, दोर आहे. निघते