केकची मेल

प्रिय ठमे,

आधी खुशाली. आपली कवळ्यांची लॅब जोरात आहे, आणि सुपरवायझर काका अजूनही बोलता बोलता साच्यातले दात मोजतात, दर वेळी एक कमी भरतो. तू फोनची नवी यंत्रणा बसवलीस तेव्हा त्यांनी किती नाक मुरडलं होतं. आता तेच प्रत्येक डॉक्टरांना ऐटीत सांगतात, "थांबा, आत जोडून देतो," आणि भलत्याच टेबलाला जोडतात.

गेल्या महिन्यात मात्र आमचेच दात आमच्या घशात जायचे थोडक्यात राहिले. सोमवारी सकाळी आपल्या जुन्या दंतवैद्यांची मेल आली. सही त्यांची, दवाखान्याचं चिन्ह त्यांचं. रुग्णाच्या जबड्याची फाईल पाहायला लॅबचा पासवर्ड टाका, एवढंच म्हणणं. माझी बोटं कीबोर्डवर गेलीसुद्धा. तेवढ्यात तू आमच्याकडून घोकून घेतलेलं आठवलं: पासवर्ड मागितला की माणसाला फोन करायचा, आणि तोही मेलमधल्या नंबरवर नाही, आपल्या वहीतल्या. केला. डॉक्टर म्हणाले, "अहो, तासाभरापासून माझे दोन्ही हात एका गृहस्थांच्या तोंडात आहेत. हा फोनसुद्धा नर्सने कानाला धरलाय. मेल कुठून पाठवू?"

त्यांचं मेलचं खातं कुणीतरी फोडलं होतं. तशीच मेल आणखी पाच लॅबना गेली होती. दोन ठिकाणी पासवर्ड टाकला गेला आणि दुपारपर्यंत त्यांचे सगळे संगणक ठप्प. ज्यांचे दात तिथे अडकले, ती माणसं बिचारी पातळ खाण्यावर. मग आम्ही आपली अर्धी टेबलं त्यांच्या कारागिरांना दिली. काका म्हणाले, "लॅब दुसऱ्याची असली तरी भूक सगळ्यांची सारखीच."

सगळ्यांनी माझी पाठ थोपटली. दोन दिवस मी ती थोपटून घेतली. तिसऱ्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत डबा बाजूला सारून उभी राहिले आणि सांगितलं, ही हुशारी माझी नाही. आमची परीक्षा घ्यायला तू मुद्दाम पाठवलेली ती खोटी मेल आठवते ना, 'वर्धापनदिनाच्या केकची चव निवडा'? तिच्यात पासवर्ड टाकणारी पहिली मीच. चॉकलेट निवडलं होतं. तू फसलेल्यांची यादी वाचलीस, माझं नाव वगळलं नाहीस, सगळे हसले, आणि एकोणीस माणसांसमोर मी तुला म्हणाले, "तू नव्हतीस तेव्हाही लॅब चालत होती. उद्यापासून येऊ नकोस." तू टेबलावर किल्ल्या ठेवल्यास. हे मी सांगत होते तेव्हा कुणी हसलं नाही. काकांनी तेवढं विचारलं, "मग तिला कळवलं का?"

नव्हतं कळवलं. सात महिने फोन उचलत होते आणि ठेवत होते, थोरलेपण आड येत होतं. फोनवर तुझा आवाज ऐकून मी पुन्हा कामाचंच काहीतरी विचारून बसले असते, म्हणून हे पत्र. चुकले मी, ठमे. दारावरच्या पाटीवर तुझं नाव घालायला सांगितलंय, माझ्या खाली नाही, शेजारी. परत यायचं की नाही ते तू ठरव. मी मात्र शनिवारी तुझ्याकडे येतेय, लॅबची मालकीण म्हणून नाही. दार उघड, एवढंच.

तुझीच,
उशिरा शहाणी झालेली ताई