निर्गुडीचं तेल

प्रिय वन्सं,

दादाच्या हातचं निर्गुडीचं तेल आता मिळणार नाही, गुडघ्यांना दुसऱ्या कशाने आराम पडत नाही, आणि वैद्यच गेला तर दुकान कशाला ठेवायचं, असं तुम्ही लिहिलंत.

वन्सं, गेली नऊ वर्षं ते तेल मी कढवत होते. यांची बोटं आखडली होती. शर्टाची बटणंसुद्धा मीच लावायचे. "लोकांचे सांधे सोडवणारा वैद्य, आणि स्वतःला बाटलीचं बूच निघेना!" म्हणून हसायचे, आणि लगेच, "धाकटीला कळू देऊ नकोस हं."

बरण्यांवरच्या चिठ्ठ्यांवरून मी अक्षरं शिकले, मग त्यांची पुस्तकं वाचली. पहिल्या खेपेला माझ्याकडून पाला करपला. नुसत्या वासावरून ओळखून त्यांनी सगळं तेल ओतून द्यायला लावलं. दुसऱ्यांदा तसं झालं नाही.

त्यांना दिलेला शब्द मोडवत नाही, म्हणून हे पत्र माझ्याकडेच राहील. तुम्हाला दोनच ओळी पाठवते: दुकान चालू राहील, तेल मी करीन. सोबतची बाटली लावून बघा. हातगुण बदललासा वाटला, तर जरूर कळवा.

तुमची,
वहिनी