गिरणीवाटेवर विचारून चालल्याबाबत

संदर्भ :
(अ) सुनावणीबाबतचे आपले पत्र.
(आ) ओल्या मेंढ्यांचा वास.
(इ) चकल्यांचा डबा. परत आला तेव्हा आत अंडी.
(ई) "पोचले."
(उ) चँडलर, ॲरिझोना. जूनमध्ये सकाळीच दाराची मूठ हाताला चटका देते.
(ऊ) आभारप्रदर्शन.
(ए) पितळी कुलूप, नवे.

प्रति,
मा. सार्वजनिक मार्ग अधिकारी,
पायवाटा व सायकलमार्ग विभाग,
काउंटी कौन्सिल, इंग्लंड.

अर्जदार : डॉ. गिरीश दामले, निवृत्त डॉक्टर, पूर्वी राहणार नेदर ॲलकोट. सध्या मुलाकडे, चँडलर, अमेरिका.

विषय : अर्जदार हे पंचवीस वर्षे उद्धटपणे चालत होते असे धरण्याबाबत.

महोदया,

१. साक्षीदाराने स्वतःच्या भाषेत म्हणणे मांडले तरी चालेल, भाषांतराची सोय कार्यालय करील, असे आपल्या पत्रात आहे. या सवलतीचा लाभ अर्जदार घेत आहेत. अर्जदार इंग्रजीत लिहायला बसले की पहिलाच शब्द 'काइंडली' येतो, आणि त्या शब्दाने या प्रकरणात करायचे तेवढे नुकसान आधीच केले आहे.

२. अर्जदार १९८७ च्या वसंतात नेदर ॲलकोट या गावी डॉक्टर म्हणून रुजू झाले. सोबत पत्नी सौ. रेखा, मुलगा सौमित्र आणि पाळण्यातली अंतरा. गावातून होल्टबरीला जायला दोन मार्ग. एक डांबरी रस्ता : अरुंद, वळणांचा, दोन्ही बाजूंना डोक्याहून उंच झुडपांच्या भिंती, कडेला पाऊल टेकायला जागा नाही. दुसरी गिरणीवाट. ही चर्चच्या मागच्या फाटकातून निघते, मेंढ्यांच्या कुरणाच्या काठाने उतरते, सफरचंदांच्या बागेतून ओढ्यावर येते, पडक्या पाणगिरणीला वळसा घालते आणि होल्टबरीच्या शाळेमागे निघते. पायी जाणारा जातो, सायकलवाला जातो, पावसाळी दिवसांत दोघेही चिखलातून जातात. अर्जदार हँडलला बॅग अडकवून याच वाटेने रोग्यांकडे जात. रविवारी चौघे मिळून जात. अंतरा सायकल शिकली ती गिरणीच्या उतारावर, आणि पहिल्यांदा पडली तीही तिथेच, खाजकुयलीसारख्या आग करणाऱ्या पानांत.

३. कुरण, बाग आणि ओढ्याचा काठ मिस्टर प्रोबर्ट नावाच्या शेतकऱ्याचा होता. अर्जदारांचे संस्कार असे की सख्ख्या बहिणीच्या घरीही दारातून "येऊ का?" म्हटल्याशिवाय पाऊल आत पडत नाही. म्हणून दर वर्षी वसंत लागला की अर्जदार प्रोबर्टांच्या अंगणात जात, टोपी काढत आणि विचारत, "यंदाही तुमच्या शेतातून गेलो तर चालेल ना?" प्रोबर्ट हातातले काम न सोडता मान हलवीत. दिवाळीत सौ. रेखा फराळाचा डबा पाठवीत. या सगळ्याला त्या काळी चांगुलपणा म्हणत.

४. पुढे गावात फिरणाऱ्यांचे मंडळ निघाले आणि अर्जदार त्याचे चिटणीस झाले. मंडळाने एक पत्रक छापले : गावाभोवतीच्या पायी फेऱ्या आणि सायकलचे मार्ग, नकाशासह. मजकूर अर्जदारांचा. कोणत्या फाटकाची कडी वर उचलावी लागते, ओढ्यातला कोणता दगड हलतो, कुठे बसून डबा खावा, सारे त्यात होते. शेवटी जागा उरली. आभार न मानता कार्यक्रम संपला, असे कोणत्याही मराठी मंडळात झाल्याचे अर्जदारांच्या ऐकिवात नाही. तेव्हा त्यांनी लिहिले : 'गिरणीवाटेने जाण्याची कृपापूर्वक परवानगी दिल्याबद्दल मिस्टर प्रोबर्ट यांचे मनःपूर्वक आभार.' पत्रक घराघरांत गेले. नवी माणसे राहायला आली की शेजारी सांगू लागले, आधी प्रोबर्टना विचारून घ्या, डॉक्टरही विचारतात. अशा रीतीने एका माणसाची सवय अख्ख्या गावाला लागली.

५. प्रोबर्ट वारले. जमीन एका कंपनीने घेतली. गेल्या शरदात चर्चमागच्या फाटकाला कुलूप लागले. गावाने आपल्याकडे दाद मागितली, आणि तेव्हा अर्जदारांना आपला कायदा कळला. लोक एखाद्या वाटेने वीस वर्षे राजरोस चालले तर ती वाट सर्वांची होते. मात्र ते चालणे बळजबरीचे नसावे, चोरून नसावे आणि परवानगीने नसावे. पहिल्या दोन अटी गाव सहज पुरी करते. तिसऱ्या अटीपाशी कंपनीचे वकील उभे आहेत आणि त्यांच्या हातात अर्जदारांचे पत्रक आहे. ज्याने फाटक ढकलले आणि चालू लागला, त्याचा हक्क झाला. ज्याने टोपी काढली, त्याचा गेला; आणि त्याच्यामुळे इतरांचाही. अर्जदारांनी कायद्यातले हे वाक्य तीनदा वाचले. मग सौमित्रला वाचायला दिले. तो म्हणाला, "बाबा, हे जेन्युइनली असंच आहे. तुम्ही थँक यू म्हणालात आणि केस वीक केलीत."

६. आता मुख्य बाब. अंतरा त्याच गावात राहते आणि होल्टबरीच्या शाळेत शिकवते. तिला फिट येतात, त्यामुळे मोटारीचा परवाना नाही. बस दुपारी एकदा येते, तीही सुट्टीत येत नाही. ती सायकलने जाते. फिट येण्याआधी तिच्या तोंडात गंजाची चव येते आणि मग थोडाच अवधी असतो. गिरणीवाटेवर एवढा अवधी पुरे. ती उतरते, सायकल झुडपाला टेकवते, गवतावर कुशीवर पडून राहते. मेंढ्या थोडा वेळ बघतात आणि चरू लागतात. डांबरी रस्त्यावर उतरायला जागा नाही, पडायला जागा नाही, आणि वळणाआडून दुधाचे टँकर येतात. कुलूप लागल्यापासून ती त्या रस्त्याने जाते. अर्जदार डॉक्टर आहेत. डॉक्टर नसते तर बरे झाले असते, इतके त्यांना कळते.

७. शाळा सुटून ती घरी पोचते तेव्हा इथे सकाळचा चहा चाललेला असतो. 'पोचले' असा एक शब्द येतो. तो आला की सौ. रेखा दुसरा कप ओततात. कुलूप लागल्यानंतर अंतराचा फोन आला तेव्हा अर्जदारांनी रिफ्लेक्टर लाव, रेडियमचे जाकीट घाल, असे बरेच सांगितले. ती म्हणाली, "बाबा, जाकीट आहे. वाट नाहीये." मग म्हणाली, "गावातलं कोणी मला काही बोलत नाही हं. उलट सगळे म्हणतात, तुझे वडील किती सज्जन होते. मला त्याचाच राग येतो." फोन ठेवल्यावर सौ. रेखा म्हणाल्या, "बरोबर बोलली ती. लग्नात माझ्या वडिलांना विचारलं होतंत, मुलीला घेऊन जाऊ ना? वऱ्हाड गाडीत बसलं होतं, अहो."

८. गावाच्या वकिलांनी सुचवले की त्या काळात अर्जदार विचारल्याशिवायही चालले असल्यास तसे पुरावे द्यावेत. अर्जदारांनी प्रामाणिकपणे शोध घेतला. एकदा ते मिसेस हॉपकिन्सच्या बाळंतपणाला न विचारता, अंधारात, ओढा ओलांडून गेले होते. परंतु दुसऱ्या दिवशी जाऊन त्यांनी प्रोबर्टांची क्षमा मागितली. एकदा सौमित्रने बागेतली सफरचंदे पाडली. परंतु त्याला कान धरून नेण्यात आले आणि प्रोबर्टांनी त्याला आणखी सफरचंदे दिली. एकदा फाटक उघडे राहिले. ते प्रोबर्टांकडूनच राहिले होते आणि अर्जदारांनी लावले.

९. उद्धटपणा अंगात असू शकतो, हे सिद्ध करण्यासाठी अर्जदारांनी इथे प्रयोगही केला. चँडलरमध्ये चालायला कालव्याचा काठ आहे, सरळ, रुंद, सर्वांचा. तिथे विचारायला माणूसच नाही, त्यामुळे तो निरुपयोगी. म्हणून अर्जदार गेल्या आठवड्यात एका अनोळखी घराच्या अंगणातून, बारीक खडी आणि निवडुंग यांच्यामधून, मुद्दाम, न विचारता चालत गेले. पलीकडे पोचले. मग परत फिरले आणि सॉरी म्हणण्यासाठी त्यांनी बेल वाजवली. घरमालकाने त्यांचा चेहरा पाहून विचारले, "यू ओके, सर?" आणि गार पाण्याची बाटली दिली. दुसऱ्या दिवशी सौ. रेखांनी त्या घरी नारळाच्या वड्या पाठवल्या. हा पुरावा अर्जदार जोडत नाहीत.

१०. येथे अर्ज थांबला आहे. चहा झाला. 'पोचले' आलेले नाही.

अर्जदारांनी फोन उलटा ठेवला, मग सुलटा. सौ. रेखा म्हणाल्या, "पालकसभा असेल." अर्जदार म्हणाले, "पालकसभा गुरुवारी असते." आज मंगळवार आहे. अंतराच्या फोनची घंटा वाजते आहे, ती उचलत नाही. सौमित्रने मीटिंग म्यूट करून दारातून विचारले, "आला का?" तो दारातच उभा राहिला. अर्जदारांच्या डोळ्यांसमोर तो रस्ता आहे, प्रत्येक वळण माहीत असलेला. चर्चपासून तिसऱ्या वळणावर रस्ता खाली बुडतो, तिथे समोरचे दिसत नाही. तिथून त्यांनी स्वतः एकदा एक मुलगा उचलला होता. त्याचे नाव ते इथे लिहीत नाहीत. सौ. रेखांनी गॅस पेटवला आणि काही न ठेवता बंद केला.

११. आला. 'पोचले. टँकर खूप होते, सायकल हातात धरून चालत आले.' सौमित्र मीटिंगला परतला. अर्जदारांचे पुढील अक्षर वेडेवाकडे आले असल्यास कार्यालयाने समजून घ्यावे. नव्हे, घेऊ नये. समजून घेण्याची विनंती करण्याची सवय अर्जदार सोडत आहेत.

१२. तरी मागण्या पुढीलप्रमाणे :

(क) पत्रकातले आभार ही परवानगीची पावती नसून एका समाजाची खोड आहे, असे धरावे. आम्ही सभेत माइकचेही आभार मानतो.

(ख) ते शक्य नसल्यास, अर्जदार १९८७ पासून गाव सोडेपर्यंत प्रोबर्टांच्या जमिनीत घुसखोरी करत होते असे मागील तारखेने जाहीर करावे. त्याबद्दल जी शिक्षा असेल ती अर्जदार भोगतील. त्यांचे वय आड येऊ देऊ नये.

(ग) तेही शक्य नसल्यास, अर्जदार नेदर ॲलकोट येथे कधी राहिलेच नव्हते असे धरावे. त्यांचे पत्रक, त्यांची साक्ष आणि त्यांचे विचारणे कागदांतून काढून टाकावे. ज्यांना त्यांनी तपासले, ज्यांची मुले त्यांच्या हातावर जन्मली, त्या सर्वांना डॉक्टरांचे नाव विसरण्यास सांगावे. बाकीचे गाव न विचारता चालत होते, एवढेच उरू द्यावे. या मागणीवर विचार करायला अर्जदारांना वेळ लागला, परंतु ती पूर्ण शुद्धीत केलेली आहे.

(घ) यांपैकी काहीही होईपर्यंत शाळेच्या वेळात तरी कुलूप काढावे. हे विचारणे नाही. सांगणे आहे.

आपला
(येथील नेहमीचा शब्द वकिलांच्या सल्ल्यावरून गाळला आहे),

गिरीश दामले
चँडलर, ॲरिझोना
मंगळवार, १७ जून २०२५

सोबत :
१) पत्रक, मूळ प्रत. घडीवर फाटलेली.
२) अंतराचे डॉक्टरी दाखले.
३) डांबरी रस्त्याच्या तिसऱ्या वळणाचे छायाचित्र, अंतराने पाठवलेले.
४) सही झाल्यावर सौ. रेखांनी अर्ज वाचला आणि विचारले, "हे सगळं ठीक. पण अगदी पहिल्यांदा विचारलंत, तेव्हा तो माणूस काय म्हणाला होता?" अर्जदारांनी सांगितले. त्या खुर्चीवर बसल्या. "आणि हे तुम्ही आजवर कुठेच लिहिलं नाहीत?" अर्जदार म्हणाले, "अगं, तो त्याचा मोठेपणा होता. आपल्याकडे नाही का म्हणत, घर तुमचंच आहे." सौ. रेखांच्या सांगण्यावरून ती बाब खाली नोंदवली आहे.

एप्रिल १९८७. प्रोबर्ट कुंपणाची तार ताणत होते. मान वर न करता ते म्हणाले की ती वाट त्यांची नाही, त्यांच्या आजोबांचीही नव्हती, आणि तिच्यावरून कोण जाते हे त्यांना विचारायचे कारण नाही.